वेदीचं पीठ

"तेवढ्या कापट्या मिळाल्या असत्या तर," एर्ना दारातूनच म्हणाली. "आईला चाववत नाही. पाण्यात भिजवून दिल्या असत्या."

वालबुर्गाने साचा चुलीवरून उतरवला. गावच्या चर्चसाठी प्रसादाच्या चकत्या भाजायचं काम सासूकडून तिच्याकडे आलेलं. पांढऱ्या पिठाची कागदासारखी पातळ पोळी भाजायची, तिच्यातून गोल चकत्या कापायच्या. उरतात त्या कापट्या. महायुद्ध हरल्यानंतरच्या त्या दुसऱ्या हिवाळ्यात गावात पांढरं पीठ दिसे ते एवढंच.

"ते वेदीचं आहे, बाई," वालबुर्गा म्हणाली. "आम्ही कॅथलिक, तुम्ही पडलात लुथरच्या पंथाच्या. माझ्या हातून नाही व्हायचं."

एर्ना पूर्वेकडून हाकलली गेलेली निर्वासित. सरकारने तिला आईसकट वालबुर्गाच्या माळ्यावर आणून घातलं होतं. ती वर गेली. वालबुर्गाने सवयीने कापट्या ओच्यात घेतल्या आणि परसात जाऊन कोंबड्यांना घातल्या. सासूही तसंच करायची. तिने मान वर केली, तर माळ्याच्या खिडकीत एर्ना उभी होती.

नाताळ तोंडावर आला आणि एर्नाची म्हातारी आई गेली. चार कापट्यांनी ती जगली असती असं नाही, पण वालबुर्गाला ती खिडकी विसरता येईना. ती पापनिवेदनाला गेली. जाळीपलीकडे फादरने सगळं ऐकून घेतलं.

"मंत्र झाले नव्हते ना त्यावर? मग ते नुसतं पीठ. कोंबड्यांना घातलंस त्यात पाप कसलं?"

"नुसतं पीठ, फादर?"

"नुसतं पीठ. जा, मनाला लावून घेऊ नकोस."

नुसतं पीठच होतं, तर मागणारीला का दिलं नाही? हे विचारायची तिची छाती झाली नाही.

त्यात सणाचं पीठच आलं नाही. वालबुर्गा रिकामा डबा खरवडत बसली होती, तेव्हा एर्ना पांढऱ्या पिठाची पिशवी घेऊन खाली आली.

"मामाने अमेरिकेहून पाठवलंय, आईसाठी. पोचायला उशीर झाला."

"अहो, पण हे आमच्या वेदीवर..."

"घ्या हो. गावाचा सण कोरडा कशाला जायचा?"

आवाजात टोमणा नव्हता. असता तर वालबुर्गाला सोसला असता. तिने चकत्या भाजल्या आणि कापट्या चांगल्यातल्या बशीत घालून माळ्यावर नेल्या.

एर्नाने बशीकडे पाहिलं. "आता खाणारं कोण आहे? कोंबड्यांना घाला. त्यांना सवय आहे," ती साधेपणाने म्हणाली.

नाताळच्या मिस्सेला चर्चमध्ये सगळा गाव प्रसादाला उठला. मागे बसून राहील त्याच्या पोटात पाप, हे तिथे पोराटोरांनाही ठाऊक. शेजारणीने कोपर मारलं.

"उठ की गं. लोक बघतायत."

"बघू देत," वालबुर्गा म्हणाली आणि तिला वाट द्यायला गुडघे आत घेतले.

समोर एकेकाच्या जिभेवर तिने भाजलेली चकती ठेवली जात होती. ती बाकावर एकटीच बसून राहिली, तोंड घट्ट मिटून.