वेणीवरचा फेटा

कोल्हापूर संस्थान विलीन झालं, दरबार उठला, पण तिथल्या एका हायस्कुलातला फेटा काही गेला नाही. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, ते शाळांना फार लागू पडतं. रोज प्रार्थना, प्रार्थनेनंतर टोप्यांची तपासणी, शनिवारी सकाळची शाळा, मैदानावर लेझीम, आणि जानेवारीत गॅदरिंग. गॅदरिंगला एक इंग्रजी नाटुकलं व्हायचं. ते कोणालाच कळायचं नाही आणि टाळ्या मात्र सगळे वाजवायचे.

पण खरी गर्दी लोटायची ती फेट्याला. अकरावीच्या, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकच्या वर्गात सहामाहीला जो पहिला येईल त्याला स्टेजवर, सगळ्या गावासमोर, भगवा फेटा बांधायचा. मग त्या मुलानं फेट्यासकट ऐटीत जाऊन शाळेची घंटा वाजवायची आणि दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी. त्या फेट्यासाठी आया अंबाबाईला नवस बोलायच्या. बाप लोक पोरांना बदडायचे ते वेगळंच.

नाव वाचायचं हेडमास्तरांनी, नारळ द्यायचा पाहुण्यानं, पण फेटा बांधायचा ड्रिल मास्तर केरबा साळोखेंनी. केरबा मास्तर मूळचे पलटणीतले. छाती पुढं, मिशा वर, आवाज असा की मैदानावर 'सावधान' म्हणाले की रस्त्यावरची म्हैससुद्धा थबकायची. तो आवाज शिक्षकांच्या खोलीत शिरला की मात्र पार बसायचा. तिथं सगळे बीए, बीटी. त्यांच्या गप्पांत मास्तरांना कोणी ओढत नसे. ते दाराजवळच्या स्टुलावर बसून चहा प्यायचे आणि कोणी हसलं की हसायचे. वर्षातला एकच दिवस त्यांचा होता. त्या दिवशी वकिलाचा मुलगा असो की सावकाराचा, मान खाली घालून त्यांच्यापुढं उभा राहायचा.

फेटा बांधणं ही फुकाची गोष्ट नव्हे. खळ नीट बसली पाहिजे, पीळ नीट पडला पाहिजे, तुरा ताठ उभा राहिला पाहिजे. म्हणून गॅदरिंगच्या आदल्या संध्याकाळी मास्तर फेटा घरी आणून तालीम करायचे. आता फेट्याला डोकं लागतं. तो काही खुंटीवर बांधता येत नाही. मास्तरांना मुलगा नव्हता, होती ती एकुलती लीला. ती तीन-चार वर्षांची असल्यापासून दर वर्षी पाटावर बसायची, फेटा बांधून घ्यायची, उतरवून द्यायची. उतरवताना विचारायची, "आबा, माझा कवा?"

"पैला नंबर काड, मग बांधतो. ष्टेजवर. ब्यांड लावून."

पोरांना चंद्र आणून देतो म्हणावं, तसं ते म्हणणं होतं. पण सगळी पोरं चंद्र विसरतात, ही विसरली नाही.

त्या हायस्कुलात मुलींना घ्यायला लागून थोडीच वर्षं झाली होती. मुलींनी व्हरांड्याच्या टोकाच्या खोलीत थांबायचं, सर वर्गावर निघाले की त्यांच्या मागोमाग खाली बघत जायचं, भिंतीकडच्या बाकावर बसायचं आणि तास संपला की सरांच्या मागोमाग परत त्या खोलीत. अशी सात वर्षं भिंतीकडच्या बाकावर काढून त्रेपन्न सालच्या सहामाहीत लीलानं पहिला नंबर काढला. यज्ञेश्वर म्हणून वकिलांचा हुशार मुलगा होता, तो दुसरा आला.

मास्तरांच्या घरात तर आनंदाला भरतं आलं. कारण त्या नंबरावर बरंच काही टांगलेलं होतं. लीलाचा मामा ज्ञानू गारगोटीचा. तिथलं एक स्थळ घेऊन तो दिवाळीत आला होता. मास्तरांच्या बायकोचं, चिमणाबाईंचंही मन भावाकडं झुकलेलं. "शिकून काय कलेक्टर हुणार हाय व्हय? वय निघून गेलं म्हंजी कोण करून घेतंय तिला?" लीलाला कॉलेजात जायचं होतं. ती नुसती बापाकडं बघत होती.

तेव्हा केरबा मास्तरांनी मांडीवर थाप मारली. "ग्यादरिंगपातुर थांबा. समद्या गावाम्होरं पोरीला फेटा बांधला की कालेजात घालायची. मग कोण बोलतंय बघू. आन् न्हाई बांधला, तर तुमचं खरं."

"बगा हां दाजी," ज्ञानू हसत म्हणाला. "फेटा बगूनच बोलू म्हंजी."

"बोलू की!" मास्तर म्हणाले. बांधणारे तेच, नंबर पोरीचा. मग शब्द द्यायला काय जातं?

गॅदरिंगच्या आठवडाभर आधी शिक्षकांची सभा भरली. हेडमास्तर अंबादासराव वाईट माणूस नव्हते. कटकटीला भिणारा माणूस होते, आणि असा माणूस वाईट माणसापेक्षा महाग पडतो. ते म्हणाले, "लीलाचं आपल्या सगळ्यांनाच कौतुक आहे. पण फेटा हे पुरुषाचं लेणं. पाहुणे काय म्हणतील, गाव काय म्हणेल, याचा विचार शाळेला करावा लागतो."

संस्कृत शिकवणाऱ्या विमलाबाई शाळेतल्या एकट्या बाई शिक्षिका. त्या म्हणाल्या, "नंबर तिचा, फेटा तिचा. यात चर्चा कसली?"

अंबादासरावांनी चष्मा पुसला आणि मोठ्या खुबीनं मान वळवली. "हे पाहा, प्रश्न तत्त्वाचा नाहीच, व्यवहाराचा आहे. केरबा मास्तर, असे पुढं या. इथं खुर्चीवर बसा. तुम्ही यातले जाणकार. मुलीच्या दोन वेण्या, त्यांच्या रिबिनी. त्यावर फेटा धरेल का? भर स्टेजवर सुटून गळ्यात आला तर पोरीचंच हसं व्हायचं. तुम्ही म्हणाल तसं करू."

मास्तर खुर्चीवर बसले. त्या खोलीतल्या खुर्चीवर ते पहिल्यांदाच बसत होते.

वयाची पंचावन्न वर्षं उलटली होती. दर जूनला मुदतवाढ मिळाली तर नोकरी, आणि मुदतवाढ शाळेच्या मंडळाच्या हातात. मंडळावर वकील, म्हणजे यज्ञेश्वरचे वडील. हे सगळं मास्तरांच्या डोक्यात येऊन गेलं, नाही असं नाही. पण कोणी धमकी दिली असती तर गडी उखडला असता, पलटणीतलंच रक्त ते. इथं धमकी नव्हती. इथं सगळे बीए-बीटी त्यांच्या तोंडाकडं बघत होते, आणि हेडमास्तर 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणत होते. उत्तर काय हवंय ते सगळ्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. इतक्या वर्षांनी मान मिळाला होता, तो हातचा घालवायचा कसा? माणूस भीतीनं लाचार होतो हे खरं, पण मानानं त्याहून लवकर होतो.

"न्हाई धरत सायेब," केरबा मास्तर म्हणाले. "येणीवर फेटा घसरतो."

"झालं तर! खुद्द वडीलच सांगताहेत." अंबादासरावांनी सुटकेचा श्वास सोडला. फेटा यज्ञेश्वरला बांधायचा, आणि लीलाला मुलींच्या खोलीत हेडमास्तरांच्या पत्नीच्या हस्ते खण-नारळ, असं ठरलं.

बाहेर पडताना विमलाबाई दारात थांबल्या. "मास्तर, लीला मला सांगत होती, दर वर्षी तालीम तिच्याच डोक्यावर होते म्हणून. तेव्हा कधी घसरला होता का हो?"

मास्तर तडक मैदानाकडं गेले आणि उगाचच पोरांना चार फेऱ्या पळवलं.

घरी त्यांनी सांगितलं, "सायबांनी ठरीवलं. यज्ञेश्वरला बांधायचा."

"का?" लीलानं विचारलं.

"येणीवर धरत न्हाई म्हनं."

"आसं कोन म्हनलं?"

"समद्यांचंच मत पडलं."

पण शाळेत भिंतींना कान असतात आणि शिक्षकांच्या आणि मुलींच्या खोलीमधली भिंत तर लाकडाचीच होती. दुसऱ्या दिवशी ती घरी आली ती सगळं कळून आली. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, ही म्हण तिनं पुस्तकात वाचली होती. आता ती तिच्या घरात जेवायला बसत होती.

गॅदरिंगच्या आदल्या संध्याकाळी मास्तर खळ दिलेला भगवा फेटा घेऊन घरी आले. आज तालीम नकोच, असं ठरवूनच आले होते. फेटा कोनाड्यात ठेवणार, तोच लीलानं पाट आणून मधोमध मांडला आणि बसली. दोन वेण्या, त्यांवर रिबिनी.

"बांधा की आबा."

"ऱ्हाऊ दे, पोरी."

"दर वर्साला बांधतासा. आजच का ऱ्हाऊ दे?"

मास्तरांनी फेटा उलगडला. पहिला फेर कपाळावर सैल पडला, तो सोडून पुन्हा घेतला. पण दुसऱ्यापासून हातांनी आपली वाट धरली. पीळ पडत गेला, शेमला पाठीवर सुटला, तुरा ताठ उभा राहिला. इतका सुरेख फेटा त्यांनी आजवर कोणालाच बांधला नव्हता.

लीला उठली. डोकं जोरानं हलवलं. मग परसात आडावर गेली, वाकून पाणी शेंदलं, कळशी कमरेवर घेऊन आत आली. फेटा तसूभर हलला नव्हता.

"धरतोय की आबा," ती म्हणाली.

मास्तरांना वाटलं, हिनं रडावं, भांडावं, दोन शिव्या घालाव्यात. तिनं कळशी तेवढी जागेवर ठेवली. चुलीपुढं बसलेल्या चिमणाबाई लेकीकडं बघतच राहिल्या होत्या. लग्नाचा धोशा लावणारी ती बाई डोळ्याला पदर लावून म्हणाली, "आवं, असंच न्हेऊ की उद्या पोरीला. वाजत-गाजत न्हेऊ. काय करत्यात बगू."

"खुळी का काय तू?" मास्तर ओरडले. मैदानावरचा आवाज घरात पहिल्यांदाच निघाला. "जूनात घरी बसावं लागंल मला!"

"उतरवा आबा," लीला म्हणाली. "उद्या लागंल त्यो."

दुसऱ्या दिवशी बँड वाजला, पाहुणे आले, इंग्रजी नाटुकलं झालं. अंबादासरावांनी नाव वाचलं. ते वाचताना 'पहिला' हा शब्द त्यांनी गिळला. यज्ञेश्वर स्टेजवर आला, मास्तरांपुढं मान खाली घालून उभा राहिला. पोरगं सतरा वर्षांचं, पण त्याला जे कळलं ते मोठ्यांना कळलं नव्हतं. तो हळूच म्हणाला, "मास्तर, नंबर लीलाचा आहे. मी कसा घेऊ?"

"गप उबा ऱ्हा," मास्तर दातांतल्या दातांत म्हणाले. "मान हलवू नगंस."

त्यांना वाटलं होतं, आज तरी हात चुकतील, पीळ सैल पडेल. पण हातांना ना लाज ना शरम. फेटा झोकात बसला. पाहुणे कौतुकानं म्हणाले, "वा मास्तर! हातात कला आहे तुमच्या!" टाळ्यांचा कडकडाट झाला. समोर बायकांच्या बाजूला लीला बसली होती. तिच्या मांडीवर खणात गुंडाळलेला नारळ होता. टाळ्या वाजवायला तिला हात मोकळे नव्हते, तेवढंच बरं झालं. मग यज्ञेश्वरनं घंटा वाजवली, तीही अशी, की जणू कोणाच्या मर्तिकाची वाजवतोय.

मांडवाबाहेर ज्ञानूनं मास्तरांना गाठलं. त्याच्या आवाजात कुचेष्टा नव्हती, आणि तेच जास्त लागलं. "दाजी, फेटा बगिटला. आता बोलायचं न्हवं?"

मास्तरांनी मान डोलावली. शब्द त्यांचाच होता.

लीलानं मार्चमध्ये मॅट्रिकची परीक्षा दिली, जूनमध्ये निकाल लागला. पहिल्या वर्गात पास झाली होती. पण निकाल बघायला ती कोल्हापुरात नव्हती, वैशाखातच लग्न होऊन गारगोटीला गेली होती. लग्नात वरपक्षाच्या मानकऱ्यांना फेटे मास्तरांनीच बांधले. बांधणारा घरचाच म्हटल्यावर बाहेरून माणूस कशाला आणायचा? व्याही खूश होऊन म्हणाले, "पावणं, हात लई झ्याक हाय तुमचा." मांडवात बसलेल्या लीलानं तेवढंच एकदा मान वर करून बापाकडं बघितलं.

निकालाच्याच आठवड्यात मुदतवाढही आली.

पुढच्या जानेवारीत मास्तर सवयीनं फेटा घरी घेऊन आले. खळ उत्तम बसली होती. पुढच्या सोप्यात उभं राहून त्यांनी फेटा उलगडला आणि हाक मारली, "लीले, पाट आन गं."

चिमणाबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, नवऱ्याकडं क्षणभर बघितलं आणि पुन्हा आत गेल्या. येताना पाण्याची तांब्याची घागर रिकामी करून घेऊन आल्या. पाट मांडला, त्यावर घागर पालथी घातली आणि बाजूला भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

मास्तर खाली बसले. घागरीला त्यांनी फेटा बांधला. पीळ पडला, शेमला सुटला, तुरा उभा राहिला. घागर त्यांनी दोन्ही हातांनी धरून हलवून बघितली.

"बरा बसला की," ते म्हणाले. बायकोनं काहीतरी बोलावं म्हणून म्हणाले.

"बसंल की," चिमणाबाई म्हणाल्या. "घागरीला कुटं येणी असती."