उसवलेली ओळ

मित्रांनो, मला लाल म्हणायचं की नाही, हे आता तुम्हीच ठरवा. माझा रंग कधीच विटला आहे आणि घडीवर मी विरलो आहे. पण एके काळी बेल्जियममधल्या घेंट शहरातल्या गिरणी कामगारांचा मी झेंडा होतो. मला पाहून माणसं कामावरचा थकवा विसरायची.

माझा जन्म एका बोळातल्या स्वयंपाकघरात झाला. तिथे सिदोनी राहायची. ती तागाच्या सूतगिरणीत कामाला होती. गरम पाण्यातून धागा ओढायचं तिचं काम होतं, त्यामुळे दिवसभर तिची पावलं ओली असायची. हिवाळ्यात ती खोकत घरी यायची. नवरा वारला होता, घरात एल्वीर नावाची मुलगी तेवढी होती. रविवारी शेजारच्या बायका जमायच्या आणि पिवळ्या दोऱ्याने माझ्यावर कामगार पक्षाच्या मागण्या भरायच्या. कामाचे तास आठ. मुलांना गिरणी नको, शाळा द्या. आणि तिसरी ओळ सिदोनीने कुणाला हात लावू न देता एकटीने भरली: एक मत प्रत्येक पुरुषाला आणि प्रत्येक स्त्रीला.

त्या काळी श्रीमंताला दोन-तीन मतं असायची आणि कामगाराला एकच. बाईला तर एकही नसायचं.

पहिल्या मोर्च्यात माझी काठी सिदोनीनेच धरली होती. पक्षाच्या तिथल्या शाखेचा प्रमुख फ्लोरिमोंड माझ्या शेजारून चालत होता. तो छापखान्यात अक्षरं जुळवायचा. माझी तिसरी ओळ वाचून त्याने डोक्यावरची टोपी काढली. मला तेव्हा फार अभिमान वाटला. कोपऱ्यावरच्या बिअरच्या दुकानातून एक जण ओरडला, "बायका मत द्यायला गेल्या तर सूप कोण ढवळणार?"

"तूच ढवळ की," सिदोनी चालता चालता म्हणाली. "ग्लास उचलतोस, मग पळी काय जड आहे?"

सगळा रस्ता हसला, अगदी तो माणूससुद्धा.

असे काही वसंत गेले. मग मताच्या हक्कासाठी केलेल्या मोठ्या संपाचं वर्ष आलं. पक्षाला संसदेत उदारमतवाद्यांची साथ हवी होती, आणि ते बायकांच्या मताला तयार नव्हते. बायका पाद्री सांगेल तिथे मत देतील, अशी त्यांना भीती होती. एका संध्याकाळी फ्लोरिमोंड सिदोनीकडे आला. मी टेबलावर पसरलेला होतो. तो माझ्याकडे न बघता बसला.

"तिसरी ओळ जरा कमी करावी लागेल, सिदोनी," तो म्हणाला. "अर्धीच."

"कुठली अर्धी, दादा?"

न बघताच त्याने 'स्त्रीला' या शब्दावर बोट ठेवलं.

"मी पाद्रीबाबाचं ऐकते, असं वाटतं का तुम्हाला?"

"मला नाही वाटत गं. पण त्यांना वाटतं. आधी पुरुषांचं होऊ दे, मग तुमचं लगेच घेऊ. माझा शब्द."

सिदोनीने कॉफी ओतली, त्याच्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "उसवायचं तर मीच उसवीन. दुसऱ्याच्या हातून फाटेल."

मित्रांनो, कात्रीचं टोक 'आणि'पासून पुढच्या एकेका टाक्याखाली शिरत होतं. तिने एकही दोरा ओढून तोडला नाही. एल्वीर तेव्हा बारा वर्षांची होती. ती म्हणाली, "आई, मग आपण मोर्च्याला जायचंच कशाला?"

"आठ तास मलाही हवेत ना. आणि शाळा तुला," सिदोनी म्हणाली. पण तिचा आवाज नेहमीचा नव्हता.

संप झाला. दुसऱ्या एका शहरात शिपायांनी गोळ्या झाडल्या, माणसं मेली आणि संप मागे घ्यावा लागला. पुरुषांनाही काही मिळालं नाही. माझ्यावर मात्र पिवळ्या अक्षरांपुढे रिकामी जागा राहिली.

पुढे महायुद्ध आलं आणि गेलं. त्यानंतर प्रत्येक पुरुषाला एक मत मिळालं. मतदानाच्या दिवशी मला शाखेच्या दारावर लावलं होतं. म्हातारा फ्लोरिमोंड मत देऊन परतला, तेव्हा सिदोनी दारात उभी होती.

"आता आमचं, दादा?"

"पुढच्या खेपेला नक्की."

त्याच हिवाळ्यात तिची छाती कफाने भरली आणि ती गेली. शवपेटीवर घालायला फ्लोरिमोंड मला घेऊन गेला. एल्वीर दारात आडवी उभी राहिली.

"हा असा आईवर घालू नका."

"तिनेच शिवला आहे, पोरी."

"तिने शिवला होता तो पुरा होता. उसवायला तुम्ही सांगितलंत, आता शिवा तुम्हीच."

फ्लोरिमोंडने सुई मागितली. आयुष्यभर शिशाची अक्षरं उचललेल्या त्याच्या बोटांना सुई नीट धरता येत नव्हती. बाहेर माणसं पावसात ताटकळत उभी होती. 'आणि' एवढा एकच शब्द, तोही वाकडा, भरून होईतो पेटी उचलायची वेळ झाली. तो सुई हातात घेऊन रडला. एल्वीर पुढे आली आणि तिने मला आईवर पांघरलं. दफनभूमीत सगळ्यांनी माझी ती तिसरी ओळ वाचली. 'आणि' नंतर काहीच नव्हतं.

बायकांना आधी फक्त नगरपालिकेपुरतं मत मिळालं. संसदेसाठी आणखी एक महायुद्ध सरावं लागलं. तोवर फ्लोरिमोंडही गेला होता. एल्वीरचे केस पिकले होते. मत देऊन ती शाखेत आली, तिने कपाटातून मला काढून मांडीवर घेतलं आणि ती कोट न काढताच बसून राहिली. शाखेतली एक तरुण मुलगी म्हणाली, "मावशी, आज आनंदाचा दिवस आहे ना?"

"आहे गं," एल्वीर म्हणाली. "पण सांगू कुणाला?"

मित्रांनो, मला जपा, असा हट्ट मी धरणार नाही. मी कापड आहे, एक दिवस कसर मला संपवेल. पण तुम्ही सगळ्यांसाठी म्हणून काही मागायला निघाल, तेव्हा तुमच्यातल्या कुणाला 'तू जरा थांब' असं सांगू नका. थांबणारं माणूस थांबतं, पण त्याचं आयुष्य थांबत नाही.