अकरा देणारी गाडी

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. पण मला 'बिचारी' म्हणालात तर याद राखा. माझा रंग उडाला आहे, अक्कल नाही. अक्कल तर आता कुठे आली आहे. यायला हवी होती त्या दिवशी आली असती, तर एका भल्या माणसाच्या नावाला डाग लागला नसता. तेच सांगायला बसले आहे.

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा माझ्या काचेवर एक कागद चिकटवलेला होता. लिटरला बावीस किलोमीटर, असं त्यावर छापलं होतं. हे बावीस मी कुठे दिले होते, ऐका. बंद खोलीत, फिरत्या रुळांवर चाकं ठेवून. ना वारा, ना चढ, ना खड्डा, ना मागच्या सीटवर कुणाची जाडजूड आत्या. चार भिंतींत कोण शहाणं नसतं? पण मला त्या आकड्याचा केवढा ताठा! जो भेटेल तो विचारायचा, "किती देते?" दुभत्या जनावराबद्दल विचारावं तसं. गारठ्यात एका दमात चालू होते का, चढावर साथ देते का, हे कुणी विचारलं नाही. आणि मीही अशी खुळी, की त्याच एका प्रश्नाची वाट बघत उभी राहायचे.

मला एका डॉक्टरांनी घेतलं. त्यांची रक्त तपासायची लॅब होती आणि लॅबच्या तीन गाड्या होत्या. पांढरी महामार्गानं शेजारच्या शहरात जायची. निळी कारखान्यांच्या सरळ रस्त्यावर फिरायची. आणि मी टेकडीवरच्या वस्तीत. एकोणीस थांबे! अरुंद गल्ल्या, उभे चढ, वळणावळणावर ब्रेक. माझा चालक पन्नाशीचा होता, लॅबमधले सगळे त्याला मामा म्हणायचे. त्याच्यासोबत रक्ताचे नमुने घेणारी ताई असायची. ती जिने चढून घरोघर जायची आणि मामा खाली इंजिन चालू ठेवून बसायचा. कारण मागे नमुन्यांची पेटी होती आणि ती गार ठेवायची होती. इंजिन बंद तर एसी बंद, एसी बंद तर नमुना खराब, आणि नमुना खराब झाला की एखाद्या आजारी म्हातारीला पुन्हा सुई. मामाला ते मुळीच खपत नसे.

सात वर्षं आम्ही असं काम केलं. मामानं मला कधी आपटलं नाही, क्लचवर पाय ठेवून झोपला नाही, घरच्या कामाला एकदाही नेलं नाही. त्याच्या घरी लग्न होतं तेव्हाही तो रिक्षानं गेला. मी एवढी ऐटबाज गाडी लॅबच्या आवारात उभी, आणि हा रिक्षानं! मला रागच आला होता तेव्हा.

मग लॅबचा कारभार बघायला डॉक्टरांच्या बायकोचा भाऊ आला. सगळे त्याला साहेब म्हणत. मी म्हणत नाही. मी त्याला मेहुणा म्हणते, कारण तेवढ्याच लायकीवर त्याला ती खुर्ची मिळाली होती. त्यानं आल्या आल्या आवारातल्या फळ्यावर तीन आकडे लिहिले. पांढरी अठरा, निळी सतरा, आणि मी अकरा.

झालं! बाकीच्या दोघा चालकांना तोंडसुख मिळालं.

"काय मामा, घरी चूल पण पेट्रोलवर पेटवता काय?"

"अरे, मामा अंघोळ करत असतील त्यानं."

मामा हसायचा. पण मेहुणा हसत नव्हता. त्यानं मामाला बोलावून सरळ विचारलं, "तिन्ही गाड्या एकाच कंपनीच्या, एकाच वर्षाच्या. मग तुमच्याच गाडीचं पेट्रोल जातं कुठे?"

"साहेब, चढ आहे. थांबे आहेत. एसी दिवसभर चालू असतो."

"पांढरीलाही एसी आहे."

"मग आठवडाभर पांढरी मला द्या आणि ही त्याला द्या. दूध का दूध होऊन जाईल."

"काहीतरीच! त्या चढावर पांढरीच्या क्लचची वाट लागेल."

म्हणजे बघा, चढ गाडीला खातो हे त्याला ठाऊक होतं. क्लचपुरतं ठाऊक होतं. पेट्रोलपुरतं नव्हतं.

ताई मध्ये बोलली, "साहेब, मामा खरं सांगतात. मी रोज गाडीत असते." तर मेहुणा म्हणाला, "तू सुया टोच."

डॉक्टर माणूस वाईट नव्हते, पण आकडा दिसला की माणूस दिसेनासा व्हायचा. ते म्हणाले, "एकदा परीक्षा घेऊन टाका. अकरा निघाले तर मामा, मी तुमची माफी मागेन. जास्त निघाले तर तुम्हीच काय ते समजा."

मामानं मान हलवली. त्याला वाटलं, सुटलो.

परीक्षेच्या दिवशी मिस्त्रीनं माझं तेल बदललं, हवेची जाळी झटकली, चाकांत हवा भरली. पेटी उतरवली. पंपावर माझी टाकी तोंडापर्यंत भरली. मेहुणा स्टिअरिंगवर बसला, मिस्त्री शेजारी. मामा पंपावरच उभा राहिला. "साहेब, टेकडीवर न्या," तो म्हणाला. "एकोणीस नको, पाच थांबे तरी घ्या."

"परीक्षा म्हणजे परीक्षा," मेहुणा म्हणाला आणि त्यानं मला शहराबाहेरच्या गोल रस्त्यावर घातलं. सपाट, रिकामा, काचेसारखा रस्ता. एसी बंद. वरचा गिअर. साठाच्या वर नाही, खाली नाही.

आता माझी अक्कल ऐका. किती तरी वर्षांनी कुणीतरी मला विचारत होतं, किती देते? आणि फळ्यावर पांढरीपुढे माझा अकराचा आकडा मला रोज झोंबत होता. एखादा आचका द्यावा, धाप लागल्याचं नाटक करावं, रस्त्याच्या कडेला हटून बसावं, असं मनातही आलं नाही. मी लोण्यासारखी धावले. शंभर किलोमीटर झाले तरी दम म्हणून लागला नाही. दाखवलं ना, म्हटलं, मी कोण आहे ते!

परत पंपावर टाकी भरली. सव्वासहा लिटरला काठोकाठ.

"सोळा!" मेहुणा ओरडला.

मी एक क्षण फुशारले. मग मला मामाचा चेहरा दिसला. तो माझ्याकडे बघत होता, घरचंच माणूस उलटी साक्ष देऊन बसल्यावर बघतात तसा.

डॉक्टर म्हणाले, "पोलिसात देत नाही, एवढं माना." मामानं चावी टेबलावर ठेवली. जाताना मेहुण्याला म्हणाला, "चौथ्या थांब्याला हँडब्रेक पूर्ण ओढा. मागे सरकते ती." बस. माझी इतकीच काळजी, आणि ती मी त्याला चोर ठरवल्यावर!

नवा चालक लगेच मिळेना. तीन आठवडे मेहुण्यानंच मला टेकडीवर नेलं. थांब्याथांब्याला शिव्या, चढावर करकर, एसी मात्र चालू, कारण त्याला स्वतःलाच उकडायचं. एका दुपारी पंपावर त्यानं टाकी भरली आणि मोबाईलवर हिशोब केला. मग पुसून पुन्हा केला. साडेदहा. मामापेक्षा अर्धा कमीच.

मला वाटलं, आता हा धावत जाईल. पण त्यानं इकडेतिकडे बघितलं आणि मोबाईल खिशात घातला. आवारात येऊन डॉक्टरांना म्हणाला, "भाऊजी, ही गाडी गेली कामातून. विकून टाकू."

"का रे? आता किती देते?"

"काही विचारू नका. मामानं पार वाट लावून ठेवलीय तिची."

विकण्याआधी मला मिस्त्रीकडे नेलं. तो माझ्या पोटाखालून म्हणाला, "इंजिन ठणठणीत आहे, साहेब. त्या दिवशी आपण एसी लावला नव्हता, नाही का?"

"मिस्त्री, बोल्ट आवळा."

मिस्त्रीनं बोल्ट आवळला, आणि तोंडही.

जायच्या आदल्या दिवशी ताई माझ्या मागच्या सीटवर फोनवर कुणाला तरी सांगत होती. मामा तीन ठिकाणी काम मागायला गेला. तिन्ही ठिकाणांहून डॉक्टरांना फोन आले आणि डॉक्टरांनी इमानानं सांगितलं, पेट्रोल काढायचा. आता तो टेकडीकडच्या रस्त्यावर लेकीकडे राहतो. घरात एखादी वस्तू सापडेनाशी झाली की जावई काही म्हणत नाही. फक्त मामाकडे बघतो.

आता मी गाडी शिकवण्याच्या शाळेत आहे. मित्रांनो, तुम्ही माझे गिअर करकरा रडवता, ते मी सोसते. पुढे तुम्ही आपल्या गाड्या घ्याल, दोन गाड्यांची तुलनाही कराल. खुशाल करा. पण रस्ता एक ठेवा, ओझं एक ठेवा, आणि आकडा कमी आला तर आधी चढाला विचारा, मग माणसाला.

मला धुऊ नका, पुसू नका, माझ्या म्हातारपणाची कीव करू नका. तुमच्यापैकी कुणी टेकडीकडच्या रस्त्यानं जात असेल, तर मामाच्या लेकीचं घर विचारा. दारात जावयासमोरच, मोठ्यानं सांगा की साहेबांनी स्वतः चालवली तेव्हा गाडीनं साडेदहाच दिले.