मुलींचा रॉड

"अगं उतर खाली, काटा मोडशील!" फरशी पुसणाऱ्या मावशी ओरडल्या. "सत्त्याहत्तर? परवा तर सत्तावन्न होतीस ना गं, पैलवान? दगडबिगड खाल्लेस की काय?"

"मावशी, हातात रॉड आहे ना माझ्या!" ती हसली. ओल्या फरशीवर पाऊल उमटू नये म्हणून ती रॉडसकट कॉलेजच्या व्यायामशाळेतल्या वजनकाट्यावर चढून उभी राहिली होती, एवढंच.

मग तिचं हसू थांबलं. वेटलिफ्टिंगमध्ये मुलींचा रॉड पंधरा किलोचा आणि मुलांचा वीसचा, हे शेंबडं पोरही सांगेल. सत्तावन्न आणि पंधरा, बहात्तर. मग वरचे पाच कुठून आले? तिने रॉड खाली ठेवला. काटा सत्तावन्नवर. वीस किलोची चकती छातीशी धरली. सत्त्याहत्तर. पुन्हा रॉड घेतला. सत्त्याहत्तर.

"बिघडलाय वाटतं मेला," मावशी म्हणाल्या.

"काटा नाही बिघडलेला, मावशी."

तीन वर्षं ती हाच रॉड उचलत होती. त्याच्या दोन्ही टोकांना निळा रंग होता, आणि या कॉलेजात निळा म्हणजे मुलींचा. त्याला पन्नास किलोच्या चकत्या लावून तिने तो डोक्यावर नेला, की सर वहीत पासष्ट लिहायचे. खरे ते सत्तर होते.

गेल्या रविवारच्या स्पर्धेत मंचावरचा रॉड तिच्या हाताला बारीक लागला होता, आणि वर तर असा गेला की तिलाच खोटं वाटलं. भारीतला माल असेल, असं ती समजली. शेवटच्या प्रयत्नाआधी ती सरांना म्हणाली होती, "सर, सत्तर लावा. हलकं जातंय मला." सरांनी वहीवर बोट ठेवलं. "पासष्टच्या वर कधी गेलीस का? अंथरूण पाहून पाय पसरावेत." ती "हो सर" म्हणाली. पासष्ट उचलले आणि तीन किलोंनी चौथी आली. पुढच्या फेरीत पहिल्या तिघी जायच्या. तिचं हे शेवटचं वर्ष, म्हणजे पुन्हा संधी नाही. तिच्या दुधाअंड्यांसाठी आई शिवणकारखान्यात जादा पाळी करायची. त्या आईसमोर मान खाली घालून "मीच कमी पडले" असं ती बोलली होती. ते आठवलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

क्रीडाशिक्षकांच्या खोलीत ती न विचारता शिरली. सर चहा पीत होते.

"सर, मुलींचा रॉड वीस किलोचा आहे."

"कोण म्हणतं?"

"काटा म्हणतो. चला, दाखवते. हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

सर उठले नाहीत. "मी आलो त्याच वर्षी मुलांना नवा रॉड मिळाला. जुना रंगवून तुम्हाला दिला. आठ वर्षं झाली त्याला."

"देताना वजन नाही केलं?"

"रंग दिला की."

"आठ वर्षं, सर!"

"आवाज खाली. पाच किलोंनी काय आभाळ कोसळतं का?"

"माझं तीन किलोंनी कोसळलं."

सरांनी कप ठेवला. "हे बघ, जड रॉडवर सराव झाला, ताकदच वाढली ना तुझी? उलट उपकार मान."

चोर तो चोर, वर शिरजोर! कपाटावरचे सगळे चषक उचलून भिंतीवर फेकावेत असं तिला वाटलं. फेकता आलेही असते, त्या हातांत तेवढं बळ होतं. तिने दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले.

"वही दुरुस्त करा, सर."

"निकाल लागला, यादी वर गेली. आता वरातीमागून घोडं कशाला? आणि तुझा एक आकडा बदलला, की मागच्या सगळ्याजणींचे बदलावे लागतील."

"सगळ्याजणींचे?"

इतका वेळ तिला फक्त स्वतःचे तीन किलो दिसत होते. तिने टेबलावरची वही उचलली.

"ठेव ती खाली. ऐकलंस का? खाली ठेव!"

तीन वर्षांत पहिल्यांदाच ती "हो सर" म्हणाली नाही.

व्यायामशाळेच्या अर्धवट वाळलेल्या फरशीवर बसून तिने वही उघडली. आठ वर्षांच्या मुली. प्रत्येकीपुढे आकडा आणि शेवटी सरांच्या मोत्यासारख्या अक्षरातला शेरा. 'प्रगती नाही.' 'कुवत कमी.' 'सोडून गेली.' ती लाल पेनने एकेक आकडा खोडून पाच मिळवत गेली. पेन इतकं दाबलं जात होतं की दोन ठिकाणी कागद फाटला. यातल्या बहुतेकींना तिने पाहिलंही नव्हतं, पण राग यायला ओळख कशाला लागते?

एकीला मात्र ती ओळखत होती. दोन वर्षं पुढे असलेली ताई. तळहाताला पावडर कशी चोळायची, पाठ न वाकवता रॉडखाली कसं बसायचं, हे सरांनी नाही, ताईने शिकवलं होतं. संघात यायला साठ लागायचे. ताई वर्षभर अठ्ठावन्नवर अडली. एक दिवस सर सगळ्यांदेखत म्हणाले, "तुझ्याच्याने व्हायचं नाही, जागा अडवू नकोस." ताईने कमरेचा पट्टा सोडून खुंटीला लावला आणि पुन्हा आली नाही. वहीत तिच्यापुढे लिहिलं होतं, 'अठ्ठावन्न. कुवत नाही.'

तिने तिथूनच फोन लावला. ताई आता औषधांच्या दुकानात काउंटरवर असायची.

"बोल गं, पटकन बोल. गर्दी आहे."

"ताई, तुझे अठ्ठावन्न नव्हते. त्रेसष्ट होते. आपला रॉड वीसचा होता गं. मी आत्ता काट्यावर ठेवून पाहिला."

पलीकडे कुणीतरी खोकल्याचं औषध मागत होतं.

"ताई?"

"नवरा विचारतो ना अधूनमधून, का सोडलंस म्हणून," ताई सावकाश म्हणाली. "मी सांगते, माझ्यात दमच नव्हता." मग ती गिऱ्हाइकावर एकदम ओरडली, "अहो, थांबा ना जरा!" ताईला असं ओरडताना तिने कधी ऐकलं नव्हतं.

"किती म्हणालीस?"

"त्रेसष्ट."

"पुन्हा सांग."

तिने पुन्हा सांगितलं.