पालथी कार्डं

"अहो, ही कार्डं जरा मिसळून ठेवा की. उद्या पोरांना एकेक उचलायला लावायचंय." वैजयंतीने जुन्या लग्नपत्रिकांचे कापलेले तुकडे नवऱ्यापुढे सरकवले आणि ती पोहे परतायला आत गेली.

प्रत्येक तुकड्यावर एक इंग्रजी वाक्प्रचार होता. ब्लफ करणं, जॅकपॉट लागणं, हातचे पत्ते उघडे करणं. ती शिकवायची त्या नववीच्या धड्यात लिहिलं होतं, हे शब्द जुगारातून आले, पण आता सभ्य माणसं ते सभेत, दवाखान्यात, कुठेही वापरतात. जुगाराशी त्यांचा संबंध उरलेला नाही. लिहिणाऱ्याचं काय जातंय! जुळे सोलापुरातल्या या दोन खोल्यांत कुणी सहज 'पैज लाव' म्हटलं, तरी वैजयंती हातातलं काम टाकून नवऱ्याकडे बघायची.

नवरा, सतीश, पैसे लावून तीनपत्ती खेळायचा. एकदा लेकीला शाळेतून आणायला निघालेला हा बाप वाटेत डावाला बसला आणि सहा वर्षांची रेश्मा अंधार पडेपर्यंत फाटकाशी उभी राहिली. वैजयंतीने तिला जेऊरला आपल्या आईकडे नेऊन ठेवलं. तेव्हापासून वर्षभर सतीशने पत्त्यांना हात लावला नव्हता. आज रेश्मा परत यायची होती.

फोन वाजला. "वैजू, पोरगी सकाळपासनं बूट घालून बसलीया," आई हसत होती. "दुपारच्या गाडीनं घिऊन येऊ न्हवं?"

"ये की," म्हणत वैजयंती बाहेर आली आणि दारातच थबकली.

सतीशने कार्डं पिसून वाटली होती. तीन आपल्यापुढे, तीन समोर, तीन बाजूच्या रिकाम्या जागी, सगळी पालथी. आपली तीन उचलून तो अंगठ्याने हळूहळू त्यांचे कोपरे सरकवत होता. त्याच्या चेहऱ्यावर एवढं सुख तिने वर्षभरात पाहिलं नव्हतं. तिला राग आला नाही, भीती वाटली.

त्याने मान वर केली. मग हाताकडे पाहिलं.

"मला कळलंच न्हाय गं."

"असू द्या. वर्गातलीच तर कार्डं हायत." हे स्वतःला पटावं म्हणून ती जरा मोठ्यानेच बोलली.

"आईंना सांग, आज नको. हात अजून माझं ऐकत न्हाईत."

"अहो, बूट घालून बसलीया ती."

"म्हणूनच."

वैजयंतीने फोन त्याच्यापुढे धरला. "मग तुमीच सांगा तिला."

सतीशने तो कानाला लावला. आईंना रेश्माकडे फोन द्यायला सांगितलं.

"रेशू, बूट काढून ठेव बाळा," तो म्हणाला, आणि दुसऱ्या हाताने एकेक कार्ड उलटून, अक्षरं वर येतील असं, ओळीने मांडत राहिला.