सुनेचा पेशंट

"त्या उशीला काय विचारतेस? उशी कधी उत्तर देते का? आणि मी काय मेलोय इथे?"

मी माझ्या खोलीतून ओरडलो आणि लगेच जीभ चावली. सुनेशी मी असं बोलत नाही. खरं सांगायचं तर तोवर सुनेशी मी फारसं बोलतच नव्हतो. आमच्यामध्ये कायम मुलगा. "बाबांना म्हणावं, चहा झालाय." "तिला म्हणावं, साखर कमी टाक." तो बिचारा पोस्टमनसारखा इकडचं तिकडे करायचा. भांडण नव्हतं हो. सासरा-सून म्हटलं की दोन हात अंतर राखायचं, एवढंच आम्हा दोघांना माहीत. आमची ही असती तर गोष्ट वेगळी होती. पण ती गेली, आणि मुलगा-सून या परक्या देशात आले तेव्हा सामानाबरोबर मलाही घेऊन आले.

आता उशीचं सांगतो. सून नर्स आहे. तिकडच्या दवाखान्यात बारा वर्षं काढलेली. एका वॉर्डात चाळीस पेशंट आणि ही एकटी. पण इथे तो अनुभव कुणी विचारत नाही, इथे परवाना लागतो. तो मिळेपर्यंत ती वृद्धाश्रमात मदतनीस. म्हाताऱ्यांना आंघोळ घालायची, भरवायचं, चादरी बदलायच्या, पण तापाची साधी गोळी स्वतःच्या हाताने द्यायची नाही. गोळी द्यायला परवानावाली येणार आणि ही शेजारी पाण्याचा पेला धरून उभी राहणार. घरी आली की हात धूत बसायची, बराच वेळ. मला ते बघवायचं नाही.

भाषेची परीक्षा झाली, लेखी झाली. घोडं अडलं ते प्रात्यक्षिकात. तिथे म्हणे ओळीने खोल्या असतात. प्रत्येक खोलीत एक धडधाकट माणूस पेशंटचं सोंग घेऊन पडलेला आणि कोपऱ्यात परीक्षक. घंटा वाजली की पुढची खोली. आमची बाई त्यात दोनदा नापास. हात चोख, पण बोलणं नाही, असा शेरा मिळाला. हात लावायच्या आधी पेशंटला विचारलं नाही. काय करतेय ते सांगितलं नाही. आणि शेवटी "तुम्हाला आणखी काही सांगायचंय का?" असं विचारून गप्प राहायचं असतं, तेही केलं नाही.

"तिकडे असं विचारत बसले असते तर पलीकडच्या खाटेवरचा गेला असता," ती एकदा मुलाला म्हणाली. खरंच होतं तिचं. पण परीक्षकाला त्याचं काय? तीनच वेळा बसता येतं. आता शेवटची वेळ. ही गेली की परवान्याचा विषय संपला, जन्मभर पाण्याचा पेला.

पहिले काही दिवस नवरा पेशंट झाला. पण तो पहाटेच्या पाळीला जाणारा, पाठ टेकली की घोरायला लागायचा. "बेशुद्ध पेशंटचा चांगला सराव झाला," असं म्हणून तिने त्याला सोडून दिलं आणि उशीला विचारायला लागली. उशी, तुमचा हात धरू का? उशी, दुखतंय का? ऐकून ऐकून माझं डोकं उठलं आणि मी ओरडलो.

ती दारात आली. बावरलेली. "बाबा, तुम्ही व्हाल पेशंट?"

"होतो की. इथे दुसरं काय काम आहे मला?"

मी चाळीस वर्षं लोकांच्या घरचे नळ दुरुस्त केले. आजारी पडायला फुरसतच मिळाली नव्हती, आता पेशंट व्हायचं तर होऊ. सोफ्यावर आडवा झालो. तिने हात धुतल्यासारखं केलं, जवळ आली आणि म्हणाली, "नमस्कार. मी आज तुमची नर्स आहे. तुमचं पूर्ण नाव सांगाल का?"

"म्हणजे? सासऱ्याचं नाव माहीत नाही तुला?"

ती इतकी हसली की तिला खुर्ची धरावी लागली. लग्न होऊन घरात आल्यापासून ती माझ्यासमोर एवढी हसलेली मी पाहिली नव्हती. मग परत सुरू. "नाडी बघायची आहे. तुमचं मनगट धरलं तर चालेल का?"

अहो, मला आयुष्यात कुणी असं विचारलेलंच नव्हतं. शाळेत मास्तरांनी कान धरला तो न विचारता. उस्तादाने टाळक्यात मारली ती न विचारता. गिऱ्हाइकांनी नाही विचारलं, पोराने तर या देशात आणतानासुद्धा नाही विचारलं, सरळ तिकीट हातात ठेवलं. आणि ही पोरगी नुसतं मनगट धरायलाही विचारतेय. "चालेल," मी म्हटलं.

मग रोज संध्याकाळी आमचा दवाखाना भरायला लागला. मी तिला सिस्टर म्हणायचो, ती मला काका. आधी मराठीत तोंडात बसवायचं आणि मग आरशासमोर त्यांच्या भाषेत, असा तिचा क्रम. मी कधी पाय मोडलेला, कधी दमेकरी. एकदा तर बाळंतीण झालो, तेवढं कुणाला सांगू नका. मुद्दाम त्रासही द्यायचो. "सुई नको म्हणजे नको!" असा हट्ट धरायचो. ती समजावायची. तरी मी नाही म्हटलं तर हात मागे घ्यायची. "पेशंट नको म्हणाला की हात लावायचा नाही, बाबा. इथला नियमच आहे." आणि रोज शेवटी तेच. "तुम्हाला आणखी काही सांगायचंय का?"

"नाही," मी रोज म्हणायचो.

आणि रोज खोटं बोलायचो. मला लघवीतून रक्त जात होतं.

दुखत नव्हतं. एकदा दिसलं, मग थांबलं, मग पुन्हा. मी फ्लश दोनदा ओढायचो आणि बाहेर यायचो. ज्यांनी गळती लपवली आणि शेवटी भिंत पडायला आल्यावर मला बोलावलं, अशा गिऱ्हाइकांना मी काय काय बोललो असेन! पण अवघड जागी दुखणं आणि जावई वैद्य म्हणतात ना, आमच्याकडे तर सून नर्स. तिला काय सांगू आणि कसं सांगू? आणि मुलाला सांगावं तर तो घाबरट, घर डोक्यावर घेणार, हिला माझ्यापायी दवाखान्यात पळवणार आणि हिची परीक्षा बुडणार. म्हटलं, परीक्षा होऊ दे. एवढे दिवस काढले, आणखी थोडे काढू.

परीक्षा आठवड्यावर आली होती. त्या संध्याकाळी सगळं छान झालं. तिने रक्तदाब घेतला, पट्टी काढली, पांघरूण नीट केलं. मग विचारलं, "काका, तुम्हाला आणखी काही सांगायचंय का?"

"नाही."

एरवी ती "धन्यवाद" म्हणून उठायची. त्या दिवशी उठली नाही. मला मागून कळलं, की विचारल्यावर मनात दहा आकडे मोजायचे असं तिने नुकतंच ठरवलं होतं, घाईची सवय मोडायला. मला तेव्हा एवढंच दिसलं, की ती बसलीय, माझ्याकडे बघतेय आणि तिला कुठेही जायची घाई नाही. इतकी वर्षं एका घरात राहून आम्ही एकमेकांकडे असं सरळ बघितलंच नव्हतं. माझ्याच्याने राहवेना.

"आहे," मी म्हटलं. "लघवीतून रक्त जातंय, सिस्टर."

तिने मान हलवली. "कधीपासून? दुखतं का? गाठी पडतात का?" सगळं शांतपणे विचारलं, मी सगळं सांगितलं. सांगताना लाज म्हणून वाटली नाही. पण प्रश्न विचारता विचारता तिचा आवाज बारीक होत गेला. शेवटी म्हणाली, "बाबा, हे तुम्ही सोंगातलं सांगताय की खरं?"

"पेशंटला असं विचारतात का?"

ती उभीच राहिली. "पेशंट संपला. आता सून बोलतेय." आणि मग जी बोलली म्हणता! बारा वर्षं वॉर्डातल्या चाळीस जणांवर चालवलेला आवाज होता तो. "काय समजता तुम्ही स्वतःला? मी काय परकी आहे?" मुलगा घोरायचा थांबून बाहेर आला. मी म्हटलं, "परीक्षा होऊन जाऊ दे गं, मग जाऊ." ती म्हणाली, "खड्ड्यात गेली परीक्षा." मी आयुष्यात पुष्कळ बोलणी खाल्ली, पण अशी गोड कधी लागली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला दवाखान्यात नेलं. तपासण्या झाल्या, आत कॅमेरा घालून बघितलं. मूत्राशयात गाठ निघाली. लहान आहे, पण काढायलाच हवी आणि लवकर हवी. डॉक्टरांनी जो दिवस दिला तो नेमका परीक्षेचा.

"मी परीक्षेला जाणार नाही," सून म्हणाली. मुलगा म्हणाला, मी आहे ना. "तुम्हा दोघांनाही त्यांचं बोलणं धड कळत नाही. मी इथेच थांबणार," ती म्हणाली. विषय संपला.

ऑपरेशनच्या सकाळी डॉक्टर संमतीचा कागद घेऊन आले. तिने मला सगळं मराठीत समजावलं आणि पेन हातात दिलं. मी पेन बाजूला ठेवलं. त्यांच्या भाषेतला एक शब्द मला पक्का येत होता. तो मी डॉक्टरांकडे बघून ठणठणीत आवाजात म्हटला. "नाही."

"बाबा!"

"ओरडू नकोस. पेशंट नको म्हणाला की हात लावायचा नाही, तूच शिकवलंस. तू परीक्षेला गेलीस तर सही, नाही तर मी हा चाललो घरी. सांग त्यांना."

ती सांगेना. पण डॉक्टरांनी खरंच कागद मागे घेतला होता आणि ते थांबले होते. एवढा मोठा माणूस, माझ्या एका शब्दावर थांबला. शेवटी तिला सगळं सांगावं लागलं. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी घड्याळ बघितलं आणि तिला दाराकडे हात केला. तिथली जी वयस्कर नर्स होती, तीही दुसऱ्याच कुठल्या देशातून आलेली. ती माझ्या सुनेजवळ गेली, तिच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवून काहीतरी बोलली. सून रडायला लागली आणि रडत रडतच पर्स उचलली. "काय म्हणाली ती?" मी विचारलं.

"म्हणाली, मीही त्या खोल्यांतून गेलेय. तू जा, तू येईपर्यंत हे माझे वडील आहेत."

मी मुकाट्याने सही केली. त्या बाईने शब्द पाळला. मला गुंगी उतरून जाग आली तेव्हा मुलगा खुर्चीत झोपलेला आणि ती माझं मनगट धरून उभी. तिची भाषा मला येत नाही, माझी तिला येत नाही. मी हात जोडले, तिने ते पांघरुणात घातले.

गाठ निघाली. ती वाईटच होती, पण खोल गेलेली नव्हती. दर काही महिन्यांनी कॅमेरा घालून घ्यावा लागतो, घेतो. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडे दिवस अंगावर काढलं असतं तर गोष्ट वेगळी असती. देवाची कृपा, असं मी तोंडाने म्हणतो, पण ती कुणाच्या हातून झाली ते मला पक्कं ठाऊक आहे.

निकाल आला तेव्हा मी सोफ्यावर बसून शेंगा सोलत होतो. सून आतून फोन घेऊन आली, नवऱ्याकडे न जाता सरळ माझ्यासमोर आली आणि म्हणाली, "झाले पास." आणि मटकन खाली बसली.

मी उठायला गेलो, शेंगांचं ताट कलंडलं, तिकडे बघितलंसुद्धा नाही. ती म्हणाली, "बाबा, तुमच्यामुळे झाले."

"हॅ! मी काय केलं? नुसता लोळत होतो."

"एका खोलीत एक म्हातारबाबा होते. पायाच्या जखमेची पट्टी बदलायची होती. सगळं झालं, शेवटचं विचारलं, ते नाही म्हणाले. घंटेला थोडाच वेळ होता. आधीच्या दोन्ही वेळेला मी पळालेच असते. पण मला तुम्ही दिसलात. म्हटलं, आमचे बाबा किती दिवस नाही, नाही म्हणत होते. मी बसून राहिले. तेव्हा ते हळूच म्हणाले, सकाळपासून छातीत दुखतंय. सगळे गुण त्यातच होते, बाबा."

"म्हणजे माझ्या खोटेपणाचा उपयोग झाला म्हण की."

"झाला. पण पुन्हा करायचा नाही. आता काही लपवलेलं नाही ना?"

"नाही."

ती उठली नाही. तशीच बघत राहिली.

"बरं बाई, गुडघा दुखतोय. डावा. बरेच दिवस."

तरी ती बघतेच आहे. मुलगा दारात उभा होता, त्याच्यासमोर बोलायचं म्हणजे माझ्या जिवावर आलं. पण एकदा तोंड उघडलं की मला मागे फिरता येत नाही.

"आणि आणखी एक. तू या घरात आलीस हे आमचं नशीब. तुझी सासू असती तर तिने कधीच म्हटलं असतं. मला बोलायला उशीर झाला."

तिने ओढणीने डोळे पुसले, नाक ओढलं, आणि माझ्या पायाशी सरकून गुडघ्यावर अंगठा दाबला. "इथे?"

"अगं हळू! जीव घेतेस का म्हाताऱ्याचा?" मी ओरडलो.