सोमवारची प्रयोगशाळा

विद्यापीठाने आरासेलीची बाकी सगळी क्रेडिट्स धरली, अडवला तो शरीररचनेचा विषय. प्रयोग झाल्याचं कुठे दिसत नाही, म्हणे. तो धरला नाही तर नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षातली तिची जागा यंदा जाणार होती. "सरांकडून लिहून आण, प्रयोग झाले म्हणून," खिडकीपलीकडच्या बाईने सांगितलं.

प्रयोग झालेच नव्हते. पहिली दोन वर्षं ती गावातल्या कॉलेजात शिकली होती, आणि तिथला संध्याकाळचा वर्ग म्हणजे निम्मा द्राक्षमळ्यातला. बेदाण्याच्या हंगामात दिवसभर उन्हात गुडघ्यांवर सरकत घड वाळायला कागदावर पसरायचे आणि संध्याकाळी बाकावर पेंगायचं. तेव्हा सगळ्यांच्या वतीने उठली होती तीच. "सर, हंगाम संपेपर्यंत सोमवारची प्रयोगशाळा बंद ठेवा ना." शरीररचना शिकवणाऱ्या तातारियन सरांचे आईवडील त्याच मळ्यांत राबलेले. त्यांनी वर्गाकडे पाहिलं नि मान डोलावली. हंगाम संपला, सोमवार काही परत आले नाहीत.

सर आता निवृत्त होऊन अंगणात बसत. लेकीला, नायेलीला, कडेवर घेऊन आरासेली गेली.

"या, पुढारीणबाई," सर म्हणाले.

तिने सगळं सांगितलं. "एकच ओळ, सर. कोण बघायला येणार आहे?"

"कुणी नाही."

"मग?"

नायेली त्यांच्या मांजरामागे रांगत होती. सर तिकडेच बघत राहिले. "मेंढीचं हृदय कापलंयस कधी? झडपेत बोट घालून पाहिलंयस?"

"चित्रात पाहिलंय."

"माझ्या हातून नाही लिहिलं जायचं, पोरी. राग धरायचा तर धर."

"तेव्हाच नाही म्हणायचं होतं, सर."

"हो," सर म्हणाले. "तेव्हाच म्हणायचं होतं."

जागा गेली. आई तव्यावरची तोर्तिया उलटत म्हणाली, "आणखी एक वर्ष? तोवर ही मलाच आई म्हणायला लागेल." हसली, पण पाठ फिरवून. आरासेलीने लेकीचं डोकं हुंगलं. तिच्या केसांना आजीच्या स्वयंपाकघराचा वास होता.

ऑगस्टात ती पुन्हा त्याच विषयाला, त्याच संध्याकाळच्या वर्गात बसली. शिकवायला बाई नव्या होत्या, पण मळा तोच आणि गुडघेही तसेच सुजलेले. दुसऱ्याच आठवड्यात रसाने काळ्या पडलेल्या हातांची एक मुलगी उठली. "मॅडम, हंगाम संपेपर्यंत सोमवारची प्रयोगशाळा बंद ठेवा ना."

वर्गभर हुंकार उठला. बाईंचा चेहरा मऊ पडताना आरासेलीने पाहिला. तातारियन सरांचाही तेव्हा असाच झाला होता.

"नको, मॅडम," ती म्हणाली.

"हिला काय जातंय! सावलीत बसत असेल दिवसभर," मागून कुणीतरी म्हणालं.

आरासेलीने हात वर धरले, तेही काळेच होते. मग ती त्या मुलीकडे वळली. "माझ्या शेजारी बस. तू पेंगलीस तर मी हलवीन, मी पेंगले तर तू हलव."

मुलीच्या नजरेत राग होता, आणि तो आरासेलीला पटतही होता.

सोमवारी मात्र ती येऊन बसली, जरा अंतर ठेवून. ताटलीत मेंढीचं हृदय होतं, करडं, थंडगार, नायेलीच्या दोन्ही मुठी मिळून होईल एवढं. आरासेलीने सुरी चालवली आणि हळूच झडपेत बोट घातलं.

"काय लागतंय?" मुलगी अंतर विसरून वाकली.

"घाल बोट," आरासेली म्हणाली आणि ताटली तिच्याकडे सरकवली.